सायवनची मुखवट्याची शाळा

मैत्रिणींनो, समजा तुमच्या घरातली एखादी हुशार मुलगी, चांगली बी. कॉम. झालेली, रात्री जेवताना म्हणाली, “मला नाटकाची प्रॉपर्टी करायला शिकायचंय,” तर तुम्ही काय म्हणाल?

आमच्याकडे ‘प्रॉपर्टी’ हा शब्द ऐकून भावोजी आधी खूश झाले. मग उलगडा झाला. नाटकवाल्यांच्या भाषेत प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान. राजाची तलवार, आजीबाईंचा पानाचा डबा, देवीचा मुखवटा आणि जेवणाच्या प्रवेशातल्या खोट्या पोळ्या! भावोजींचा घास हातातच राहिला. “पंधरा-सोळा वर्षं शिकून शेवटी खोट्या पोळ्या?” माझी बहीण म्हणाली, “अहो, खऱ्या कुठं येतात तिला!”

हसलो सगळेच, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलगी एकुलती एक. भावोजी दोन वर्षांत निवृत्त होणार. ओळखीतून एका ऑफिसात तिच्या नोकरीचं जवळजवळ ठरलेलं. आणि बाईसाहेबांनी सहा महिन्यांपूर्वीच, घरात न सांगता, संध्याकाळच्या एका नाट्यवर्गात नाव घातलेलं!

तिथं तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं ते राक्षसाच्या मुखवट्याचं. तिनं थर्माकोल कोरला, वर कागद चिकटवले, रंग दिला. दिसायला असा सुरेख, की मीसुद्धा तोंडात बोट घातलं. पण तालमीत तो घालून एक मुलगा नाचायला लागला आणि दहा मिनिटांत घामाघूम झाला. पुढचं दिसेना म्हणून पायरी चुकला आणि धाडकन पडला. मुलाला लागलं थोडक्यात, पण मुखवट्याचे दोन तुकडे झाले. भाची दोन दिवस जेवली नाही. भावोजींना आयतंच निमित्त मिळालं. “बघ, हे आपलं काम नव्हे.”

तेव्हा मला सायवन आठवलं.

सायवन हे पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. माझी एक जुनी मैत्रीण त्या भागात शिक्षिका आहे. दर वर्षी तिचं पत्र नाहीतर फोन येतो, ‘अगं, एकदा ये तर!’ बोलता बोलता तिनं कधीतरी सांगितलं होतं, की शेजारी एक म्हातारेबाबा लेकीकडे येऊन राहतात. ते मूळचे जव्हारकडचे, आणि बोहाड्याचे मुखवटे करतात. भाचीला म्हटलं, “चल. जिथं मुखवटे घालून रात्र रात्र नाचतात, तिथल्या माणसाला तुझे तुकडे दाखवू.” बहिणीला सांगितलं, की चिकू खायला चाललोय.

चिकूचं अगदीच खोटं नव्हतं. डहाणू, घोलवड म्हणजे चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पश्चिम रेल्वेची लोकल २०१३ पासून थेट डहाणू रोडपर्यंत जाते. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथून मात्र समुद्राकडे पाठ फिरवायची आणि डोंगराकडे निघायचं. वाटेत गंजाड लागतं. वारली चित्रांना जगभर नेणारे जिव्या सोमा मशे इथलेच. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पुढे चारोटी नाका. तिथं महामार्गाजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेपासून तिची मोठी जत्रा भरते. मग कासा, हे या बाजूचं बाजाराचं गाव. एस. टी. किंवा जीप, जे आधी मिळेल त्यात बसायचं. आम्हाला जीप मिळाली. माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कुणाची तरी कोंबडी आणि भाचीच्या मांडीवर कापडात बांधलेला फुटका राक्षस, असे आम्ही सायवनला उतरलो.

फाल्गुन संपत आला होता. सागाची पानं गळून रान उघडं झालेलं, आणि त्या उघड्या रानात पळस पेटलेला. मोहाच्या झाडाखाली पहाटे पडलेली फुलं बायका आणि पोरं टोपल्यांत वेचत होती. त्या गोडसर, किंचित आंबूस वासानं सगळी वाट भरलेली. घरं दूर दूर, पाड्यापाड्यांवर विखुरलेली. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. इतकं स्वच्छ, की माझ्या स्वयंपाकघरातल्या लादीची मला लाज वाटली.

आता बोहाडा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. जव्हार, मोखाडा आणि त्यापुढे नाशिककडच्या आदिवासी गावांत होळीनंतर पार वैशाखापर्यंत हा उत्सव चालतो. गावोगावचे दिवस वेगळे. रात्री गावाच्या मधल्या वाटेवरून एकेक देव, दानव मुखवटा घालून नाचत येतो. त्याला ‘सोंग’ म्हणतात. सुरुवातीला गणपती आणि शारदा, मग रामायण-महाभारतातली, पुराणातली आणि गावच्या देवदेवतांची सोंगं. सांबळ आणि सनई वाजत असते. शेवटी पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुराचं युद्ध. कितीतरी गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचं असं ठरलेलं असतं. बाप थकला, की मुलगा तोच मुखवटा डोक्यावर घेतो. मुखवटा हा त्यांच्या दृष्टीनं खेळणं नव्हे, देव आहे. त्याची आधी पूजा होते, मगच तो चेहऱ्यावर चढतो.

बाबा अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. भाचीनं फडकं सोडून तुकडे पुढे ठेवले. मला वाटलं, ते नावाजतील नाहीतर हसतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. तुकडा उलटा केला आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बाहेरची बाजू, जिच्यावर हिनं पंधरा दिवस रंग चढवला होता, ती त्यांनी पाहिलीच नाही! मग विचारलं, “बाय, हा घालनार कोन?”

भाची म्हणाली, “आमच्यातला एक मुलगा.”

“त्याचा डोका मापला?”

भाची गप्प.

“नाचनार किती टाइम?”

भाची गप्प.

“बघनारा बसनार कुठं? लांब का जवल?”

मैत्रिणींनो, माझी भाची घरात कुणाला एक शब्द बोलू देत नाही. ती तीन प्रश्नांत गार झाली. अंगणातच मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बाबा, मला पहिल्यापासून शिकवा.”

आम्ही चार दिवस राहिलो. जेवायला तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकट. शिकायला सकाळ-संध्याकाळ अंगण. वेळापत्रक नाही, फळा नाही. बाबा बोलत थोडं, करत जास्त. पण खरी शिकवणी कुणाची झाली सांगू? त्यांच्या लेकीची.

मुखवट्याला आधी मातीचा साचा करायचा. नाक, डोळे, गाल सगळं मातीत उठवायचं. साचा वाळला की त्यावर आधी नुसत्या पाण्यात भिजवलेले कागद लावायचे, म्हणजे मुखवटा पुढे साच्यापासून सहज सुटतो. मग खळ लावलेले कागदाचे थर. चिंचोके भाजून, सालं काढून, कुटून शिजवले की उत्तम खळ होते. त्यावर कागदाचा लगदा. एक थर सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, नाहीतर आत ओल राहून बुरशी येते. उन्हात घाई करून वाळवला तर तडकतो, म्हणून आधी सावलीत आणि मग उन्हात.

लगद्याचं काम सगळं लेकीकडे. कागद तीन दिवस भिजवलेला, पिळून उखळात कुटलेला. आणि त्यात काय घातलं असेल? मेथी! रात्रभर भिजवून पाट्यावर वाटलेली मेथी. ते पाहिलं आणि मला माझी आजीच आठवली. तुमच्यापैकी कितीजणींच्या आज्यांनी रद्दीच्या लगद्यात मेथी वाटून घालून परड्या आणि टोपल्या केल्या असतील! मेथीच्या दाण्यात डिंकासारखा चिकटपणा असतो, आणि कडू असल्यामुळे कीड, उंदीर त्याच्या वाटेला जात नाहीत असं आजी म्हणायची. नेमकं तेच ही बाई सांगत होती. म्हणजे आपण ज्याला दुपारचा रिकामा उद्योग म्हणत होतो, त्यावर इथं रावण उभा राहतो!

(करून बघायचं असेल तर सोपं आहे. अर्धा किलो रद्दी बारीक फाडून दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवा. पाणी बदलत राहा. पिळून, कुटून लोण्यासारखा लगदा झाला, की दोन मुठी भिजवलेली मेथी वाटून त्यात मळा. पातेलं पालथं घालून तेलाचा हात फिरवा आणि त्यावर बोटभर जाडीचा थर सारखा थापा. सुकला की आपोआप सुटतो. आतून-बाहेरून जुनं पातळ सुती कापड खळीनं चिकटवलंत, तर परडी वर्षानुवर्षं टिकते.)

लेकीनं भाचीला पुढचं दाखवलं ते मुखवट्याच्या आतलं. कपाळाशी आणि दोन्ही कानशिलांशी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या गाद्या शिवायच्या, म्हणजे मुखवटा नाकावर न बसता डोक्यावर बसतो आणि चेहऱ्यापुढे वारा खेळायला जागा राहते. डोळे रंगवायचे मोठे, पण बघायची भोकं त्यांच्या खाली ठेवायची. नाचणाऱ्याला समोरचं आभाळ बघायचं नसतं, स्वतःच्या पायाखालची वाट बघायची असते. भाचीनं कपाळाला हात लावला. तिचा मुलगा पडला होता तो नेमका याच चुकीनं.

मी तिला विचारलं, “हे तुम्ही कुणाकडून शिकलात?”

ती हसली. “मी कुठं शिकली? शिकले ते बाबा. मी फक्त लगदा कुटते.”

हे वाक्य मला लागलं. बोहाड्यात बायका सोंग घेत नाहीत. देवीचं सोंगसुद्धा पुरुषच घेतो. मुखवट्यावर नाव लागायचं तर ते करणाऱ्या बाबांचं. आणि जिनं लगदा घोटला, गाद्या शिवल्या, ती म्हणते मी काही शिकले नाही. आपणही असंच म्हणतो, नाही का? ‘मी काही करत नाही, घरीच असते.’

तिसऱ्या दिवशी मुखवटा वाळला. पांढरा हात देऊन भाची रंगवायला बसली, तेव्हा बाबांनी तिच्या हातातली निळ्या रंगाची वाटी बाजूला ठेवली. म्हणाले, “रातच्याला बघ.” रात्री त्यांनी काठीला चिंध्या गुंडाळून टेंभा पेटवला आणि आधीचा एक जुना मुखवटा नातवाच्या डोक्यावर चढवला. आम्हाला अंगणाच्या पार टोकाला उभं केलं. अहो, दिवसा जो मुखवटा मला ओबडधोबड वाटला होता, नाक फार मोठं, भुवया फार जाड, तो टेंभ्याच्या उजेडात जिवंत झाला! ज्योत हलली की गालावरची सावली हलायची, आणि राक्षस क्षणात हसतोय, क्षणात रागावतोय असं वाटायचं. तांबडा, पिवळा, पांढरा झळकत होता. निळ्या रेघा मात्र अंधारात काळ्या होऊन बुडाल्या होत्या. ज्योतीच्या पिवळ्या उजेडात निळा मरतो, हे भाचीच्या वर्गात प्रकाशयोजनेच्या तासाला सांगून झालं होतं. तिनं वहीत लिहूनही घेतलं होतं. कळलं मात्र सायवनला.

त्या रात्री ती मला म्हणाली, “मावशी, मी वस्तू सुंदर करायला बघत होते. ती कुणासाठी आणि कुठल्या उजेडात, हे मी विचारलंच नव्हतं.”

ही विद्या आपल्या रंगभूमीला नवी नाही बरं का. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे, ज्यांना आपण मराठी रंगभूमीचे जनक म्हणतो, ते हातानं लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीरही होते. त्या बाहुल्यांना पुढे रामदास पाध्ये यांनी नवं आयुष्य दिलं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत, मग त्यांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं, तेव्हा लोक प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका बघायला जात, तसाच तो फिरता रंगमंचही बघायला जात. पण टाळ्या कुणाला मिळतात? पडद्यापुढच्याला.

आज ही विद्या रीतसर शिकता येते. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. पुण्याला विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, आणि मुंबई विद्यापीठात नाट्यकलेचा विभाग २००३ साली निघाला. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, सामान या सगळ्यांची तोंडओळख तिथं होते. दिल्लीला प्रवेश घ्यायचा तर पदवी हवी आणि नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही हवा. मुलीला पाठवायचं असेल तर दोन गोष्टी आधीच समजून घ्या. एक, व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसाला बहुतेक वेळा प्रयोगामागे पैसे मिळतात. त्याला ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. दुसरी, हा हात नुसत्या नाटकाला बांधलेला नसतो. सिनेमा, मालिका, संग्रहालयं, प्रदर्शनं, शाळा, सगळीकडे लागतो. मी गोड चित्र रंगवत नाही, आणि काळंही नाही.

आमच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा मोठा नातू घरी आला. बोईसरला कारखान्यात आहे. पाळी संपवून आला होता. हात बाबांसारखेच, लांब बोटांचे. त्यानं येता येता भाचीच्या मुखवट्याची एक कामटी सैल होती ती न विचारता आवळली आणि हातपाय धुवायला गेला. भाचीनं त्याला विचारलं, “तुम्ही हे काम नाही करत?” तो म्हणाला, “बोहाड्याला सुट्टी काढतो ना. बाकी वर्षभर कोन घेतो मुखवटा?”

माझ्या मनात आलं, बघा कशी गंमत आहे. आमच्या मुलीला विद्या मिळवायला वर्ग आहेत, प्रमाणपत्रं आहेत, पण हात अजून यायचाय. याच्या बोटांत विद्या आहे, तर प्रमाणपत्र नाही आणि गिऱ्हाईकही नाही. दोघांची गाठ पडली ती एका फुटक्या राक्षसामुळे. बाबांना मी विचारलं, “परक्या मुलीला सगळं शिकवलंत, मनात काही आलं नाही?” ते कामट्यांची मोळी बांधत म्हणाले, “विचारायला आली ना ती. इथं कोन विचारतो?”

निघताना पैशाचं पाकीट पुढे केलं. बाबांनी मुखवट्याचे म्हणून घेतले, शिकवल्याचे घेतले नाहीत. लेकीसाठी मी माझ्या पिशवीतली नवी साडी काढली. तिनं हात लावून पाहिली आणि म्हणाली, “सुती जुनी असती तर बरी. गादीला कामाला आली असती.” मी काय बोलणार! घरी आल्यावर कपाट उपसून मऊ झालेल्या सहा सुती साड्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवल्या.

आता तुम्हाला घरची हकीकत ऐकायची असेल. भावोजींनी मुखवटा उलटसुलट करून पाहिला. आतल्या गाद्या दाबून पाहिल्या. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, आतली बाजू आधी बघणारच! म्हणाले, “शिवण बरी आहे.” मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, “एक वर्ष. एका वर्षानं पुन्हा बोलू.” ऑफिसातली ती नोकरी हातची गेली. बहीण अजून धुसफुसते. वर्षानं काय होईल ते मला माहीत नाही, आणि भाचीलाही नाही.

पण एक सांगते. वर्गात तिला या कामाची वही लिहून द्यायची होती. त्यात एक रकाना होता, ‘मार्गदर्शक’. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. आधी तिनं बाबांचं नाव लिहिलं होतं. मग ती थांबली, पेन चावलं, आणि खाली दुसरं नाव घातलं. लगदा कुटणारीचं.

जाता जाता: तुम्ही त्या बाजूला गेलात तर फाल्गुन ते वैशाख हे दिवस बोहाड्याचे. पण तारखा गावकरी ठरवतात, म्हणून आधी चौकशी करून जा. मुखवट्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि पिशवीत एखादी जुनी सुती साडी असू द्या.